नळीवरचा खुणेचा धागा

माझ्या लोखंडी पेटीत दवाखान्याचा एक कागद आहे. त्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिलेली आहे, की या मुलीला दुसऱ्यांदा मुतखडा झाला तो आईबापाच्या हयगयीने झाला. मला इंग्रजी येत नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलो, मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडले ते सोडलेच. पण ती ओळ मला पाठ आहे, आणि या वयात वही घेऊन बसलो तो तिच्यासाठीच. हयगय म्हणे. लुगड्याच्या काठात एक धागा चुकला तर वीतभर विणलेलं उकलून पुन्हा विणणारा माणूस मी. गिऱ्हाइकाला तो धागा दिसलाही नसता. मला दिसायचा.

आम्ही नागपूरचे कोष्टी. घरात एक हातमाग, मी विणायचो, बायको आडव्या सुताच्या कांड्या भरायची. आम्हाला एकच लेकरू झालं, ही पोरगी. जन्मली तेव्हा तिच्या कमरेच्या वर, पाठीच्या कण्यावर, लिंबाएवढा फुगा होता. वरून कागदासारखी पातळ चामडी, आत पाणी. गल्लीतल्या एका म्हातारीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की माझ्या बायकोनं ग्रहणात सूत तोडलं असेल. कोष्ट्याची बायको सूत नाही तोडणार तर काय तोडेल? त्या म्हातारीला मी दारातून परत पाठवलं आणि ती मरेपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

मोठ्या दवाखान्यात तो फुगा कापून शिवला. तिथं समजलं की पोटात असतानाच कण्याचं हाड मिटलं नाही, उघडंच राहिलं, आणि तिथल्या नसा बिघडल्या. म्हणून पाय लुळे राहतील, आणि लघवी आली की गेली हे तिला कळणार नाही. कपडे बदलत जा, म्हणाले. एवढंच म्हणाले. पोरगी पुढे लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून, दोन काठ्यांवर चालायला लागली. डोकं तर असं की पाढे माझ्याआधी म्हणून मोकळी. पण लघवी थेंब थेंब सदा गळायची, आणि लघवीची पिशवी पुरती रिकामी कधीच व्हायची नाही. सुताला लावायच्या खळीचं भांडं घासल्याशिवाय दोन दिवस ठेवलं की बुडाला कसा दगडासारखा थर धरतो, हे मला रोज दिसत होतं. माझ्या पोरीच्या पोटात तेच होऊन राहिलं आहे, हे आठ वर्षांत एकाही शिकलेल्या माणसानं मला सांगितलं नाही.

उलट शाळेनं काय सांगितलं ते ऐका. मोठ्या बाईंनी बायकोला बोलावून घेतलं, वर्गात वास येतो, पोरं नाक धरतात म्हणाल्या, आणि उपाय दिला: सकाळी पाणी पाजू नका. आम्ही ऐकलं. ही चूक आमची, ती मी कुणावर ढकलत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात, ओठ सोलून निघत असताना, आम्ही लेकराला घोटभर चहावर शाळेत धाडलं. पोरगी तर आमच्याही पुढची. दुपारी घरी आल्यावरही पेला बाजूला सारायची. कोरडी राहिली की बाई तिला मधल्या बाकावर बसू द्यायच्या ना.

आठव्या वर्षी खडा झाला. पोट धरून गडबडा लोळायची, लघवीत रक्त. गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचा, त्याच्या कंपाउंडरनं मिरची आणि टमाट्यावर दोष ठेवला. बायकोचं माहेर भिवापूरचं, तिथली मिरची घरात असायचीच, तर शेजारीण तिला म्हणते कशी, "तुया माहेरचा खडा आहे वं तो." बायकोनं मिरचीचं गाठोडं उचलून तिच्या दारात ठेवलं. मग कुळथाचं पाणी झालं, कुणाचा काढा झाला, आणि शेवटी पुन्हा मोठा दवाखाना. फोटो काढला तर आत सुपारीएवढा खडा. तो कापून काढला. तिथले मोठे साहेब खडा बाटलीत घालून आम्हाला देत म्हणाले, अशा पोरांना पुन्हा पुन्हा होतो, झाला की आणा, कापू. जसं काही मी भोपळा घेऊन आलो होतो.

त्याच वॉर्डात एक डॉक्टरीणबाई नव्या आल्या होत्या. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या मला दादा म्हणायच्या, आणि खाटेवर बसून बोलायच्या, उभ्या उभ्या नाही. त्यांनी पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं: शिळी लघवी आत साचते, त्यात पू होतो, त्याचाच खडा बनतो, आणि असंच चालू राहिलं तर किडन्या जातील. त्यावर आता नवा मार्ग निघाला आहे. बारीक रबरी नळी घ्यायची, उकळून ठेवायची, हात साबणानं धुवायचे, दर तीन-चार तासांनी नळी लघवीच्या वाटेनं आत घालून पिशवी पुरती रिकामी करायची. आणि पाणी भरपूर. बायकोला ऐकूनच घेरी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईनं शिकावं, पण खरी शिकेल ती पोरगीच.

आणि शिकली. समोर आरसा ठेवून, आठ वर्षांची पोर, चौथ्या दिवशी स्वतःच्या हातानं. मी पडद्याबाहेर बसलेला. आतून एकच तक्रार ऐकू यायची.

"बाबा, किती आत गेली ते मले समजतच नाई. जास्त गेली तं?"

तिला तिथलं काही जाणवतच नव्हतं, तर समजणार कसं? डॉक्टरीणबाईंनी नळीवर नख ठेवून दाखवलं होतं, एवढी, यापुढे नको. पण नखाची खूण ओल्या रबरावर किती वेळ टिकणार?

आता माझं ऐका. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावला की लुगडं कुठं संपतं, पदर कुठं सुरू होतो, हे आम्ही पट्टी घेऊन मोजत बसत नाही. तिथं रंगीत धागा बांधून ठेवतो. विणत विणत खुणेचा धागा आला की हात आपोआप थांबतो. माझ्या बापानं तसं केलं, त्याच्या बापानं केलं. मी काठाच्या सुतातला लाल धागा घेतला, डॉक्टरीणबाईंनी नख ठेवलं होतं तिथं तीन वेढे दिले, आणि आम्ही तुटलेला धागा जोडतो ती बारीक गाठ मारून टोकं दातांनी तोडली. बोट फिरवलं तर गाठ लागत नव्हती. पोरीला म्हटलं, लाल दिसला की थांब. तिला लगेच जमलं.

तेव्हा डॉक्टरीणबाई वॉर्डात नव्हत्या. त्यांचे दिवस भरत आले होते, त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, मागं शिकाऊ पोरांची रांग. त्यांनी नळी उचलली, धाग्यावरून अंगठा फिरवला आणि हसले. हे कुणी केलं विचारलं. मी उभा राहिलो. साहेब त्या पोरांकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोकं. शाळेत जाऊन येत नाही हे." नळी एका हातातून दुसऱ्या हातात अशी सगळ्या रांगेतून फिरली. मी छाती काढून उभा होतो. घरी आल्यावर महिनाभर गल्लीत सांगत फिरलो, चहाच्या ठेल्यावर सांगितलं, सूत आणायला गेलो तिथं सांगितलं. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात.

पोरगी कोरडी राहायला लागली. शाळेत पहिल्या बाकावर गेली. धागा जुना झाला की मी बदलायचो, नळीसोबत उकळायचो. आमच्या हिशेबानं उकळलेलं ते स्वच्छ. उकळून उकळून सूत विरतं, त्याचा तंतू सुटतो, हे मी कोष्टी असून माझ्या ध्यानात आलं नाही. मध्ये एकदा जुना धागा नळीवर नव्हता. बायको म्हणाली उकळताना सुटला असेल, पाण्यासोबत फेकला गेला असेल. मी नवा बांधला.

वर्ष होत आलं आणि पुन्हा पोट. पुन्हा फोटो, पुन्हा कापाकापी. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मोठे साहेब वॉर्डात आले, मागं तशीच रांग, हातात स्टीलची वाटी. वाटीत खडा, मधोमध फोडलेला. पोरीच्या खाटेपाशी उभं राहून, ती ऐकत असताना, त्यांनी चिमट्यानं त्यातून काहीतरी उचललं.

"हे बघा. खड्याच्या पोटात धागा. अडाणी माणसाच्या हातात नळी दिली की असं होतं. घरभर सूत, चिंध्या, त्यातच नळी लोळत असणार."

मग माझ्याकडे न बघता पुढचं सांगून टाकलं. नळी बंद. या लोकांना ती झेपणार नाही. दोन आठवड्यांनी पोटाला भोक पाडून लघवीचा रस्ताच वळवायचा, पोटावर थैली बांधायची, जन्मभर. नाहीतर किडन्या जातात. सही करून ठेव.

बायको रडायला लागली. पोरगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, थैली फ्राकच्या वर येते की आत.

मी पुढे झालो आणि वाटी मागितली. साहेबांनी का कोण जाणे, दिली. धाग्याचा लाल उडून तपकिरी झाला होता, वर चुन्यासारखी पुटं. पण एका टोकाला गाठ होती. हजार गाठींत मी माझी गाठ ओळखतो. तीस वर्षं तीच मारत आलो.

"साहेब, हे गाठ माही आहे."

"म्हणजे कबूल आहे तुला?"

"कबूल आहे जी. पन हा घरात लोळलेला धागा नाई. हा तुमी पाह्यलेला धागा आहे. नळीवर मी बांधला, तुमी अंगठा फिरवला, या पोरायले दाखवला. तवा डोकं होतं माहं. आता अडाणी काहून झालो?"

रांगेतल्या एका पोरानं मान खाली घातली. त्याला आठवत होतं, मी पैजेवर सांगतो. साहेब म्हणाले, मला आठवत नाही. आणि चालायला लागले.

माझी चूक झाली, हे मला तेव्हाही मान्य होतं. माझ्या हातानं माझ्या पोरीच्या पोटात खडा घातला. ते घेऊन मी रोज झोपतो. पण मी धागा सगळ्यांना दिसेल असा, भर उजेडात बांधला होता. ज्याला कळायला पाहिजे होतं त्यानं तो हातात घेऊन वाहवा केली. त्यानं नुसतं म्हटलं असतं, "सोड रे हा, आत गेला तर खडा होईल," तर मी दातांनी तिथंच तोडला असता. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि वर्षानं तोच माणूस माझ्या लेकरासमोर मला अडाणी म्हणतो.

मी सही केली नाही. बायको म्हणाली, "अजी, पोरीच्या जिवाशी अडून बसू नका." त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. परिचारिका समजावून गेली, वॉर्डबॉय धमकावून गेला. सुट्टी देताना हातात कागद ठेवला, त्यात काय लिहिलं आहे ते कुणी सांगेना. मग मी सायकल काढली आणि डॉक्टरीणबाईंचं घर शोधत नंदनवनला गेलो. तिकडे तेव्हा नवी नवी घरं उठत होती, रस्त्यांचा पत्ता नव्हता, मी तीन दारं चुकलो. बाळासाठी रजा वाढवून त्या अजून घरीच होत्या, कडेवर बाळ घेऊन दारात आल्या. कागद वाचला आणि ती ओळ मला मराठीत सांगितली. मग मी धाग्याचं सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या की पिशवीत बाहेरचं काही गेलं, धागा असो की केस, त्याच्यावर खडा धरतोच. "दादा, हे मी सांगायला पाहिजे होतं. नळीला कुणी धागा बांधेल हे मला सुचलंच नाही."

"सुचलं नाई तं सुचवा आता," मी म्हटलं. "थैली नाई बांधू द्यायचो मी."

चहासुद्धा घेतला नाही. रागात होतो, त्यांच्यावरही होतो. पण त्यांनी शब्द पाळला. रजा सुरू असताना दवाखान्यात जाऊन मोठ्या साहेबांशी बोलल्या. निरोप आला: तीन महिने मुदत. नळी चालू ठेवा. तीन महिन्यांनी फोटो काढायचा. त्यात खडा काय, रेतीचा कण जरी दिसला तरी थैली, आणि मग बापानं तोंड उघडायचं नाही.

आता खुणेशिवाय नळी घालायची कशी, यावर मी डोकं लावून बसलो. रंग लावू, खाच पाडू, डाग देऊ. पोरगी काठ्या टेकत आली, नळी घेतली, चिमटीत धरली.

"बाबा, धागा कायले पाह्यजे? मी बोटं इथंच धरते. बोटं टेकली का आपोआप थांबते ना नळी."

इतकं सोपं. चिमटी धरायची नेमक्या जागी, बोटं अंगाला टेकली की नळी पुढं जाणारच नाही. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. बापजाद्यांची युक्ती काढायच्या आधी मी तिला एकदा विचारलं असतं तर? बायको आतून म्हणाली, "विचारा तिले पह्यले. तिच्याच अंगाची गोष्ट आहे." इतके दिवस न बोललेली बाई पहिलं बोलली ते हे.

नळी मागाच्या खोलीतून हलवली, झाकणाच्या डब्यात स्वयंपाकघरात गेली. मागाची खोली झाडली तरी हवेत सुताचा भुगा असतोच, तो मी पहिल्यांदा वैऱ्यासारखा पाहिला. पाण्याचं माझ्याकडे. सुट्टीच्या दिवशी दोन कांड्या संपल्या की माग थांबवायचा, एक पेला तिच्या हातात, रिकामा होईस्तोवर धोटा हलवायचा नाही. ती म्हणायची, बाबा, पोट फुटून राहिलं. मी म्हणायचो, फुटू दे, खडा नको.

आता एकही वेळ चुकवायची नव्हती, म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत नळी घालायला जागा पाहिजे होती. मोठ्या बाई म्हणाल्या, शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. मी म्हटलं, पाणी पाजू नका सांगतलं तवा दवाखाना चालवला ना तुमी? बाई लाल झाल्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सामानाच्या खोलीच्या कोपऱ्यात खिळे ठोकले आणि माझ्या मागावर विणलेला पडदा टांगला, जाड विणीचा, पलीकडची सावलीसुद्धा दिसणार नाही असा. परवानगी मी विचारली नव्हती आणि त्यांनी काढूनही टाकला नाही.

तीन महिने झाले. फोटो काढला. मोठ्या साहेबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचा हात फिरत होता, वर, खाली, पुन्हा वर. बायकोनं माझं मनगट आवळून धरलं होतं. बाजूला डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, त्यांनी आधीच पाहिला असावा, कारण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पोरीकडे बघून हसत होत्या.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "साफ आहे. नळी चालू ठेवा."

एवढंच. फोटो टेबलावर, हात पुढच्या कागदाकडे. मी खिशातून माझा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"साहेब, हे ओळ खोडा जी."

त्यांनी कागद वाचला. दवाखान्याचं लिहिलेलं खोडता येत नसतं, म्हणाले. मी म्हटलं, मग त्याच्याखाली लिवा, धागा बांधलेला मी पाह्यला होता. ते म्हणाले, अहो, मुलगी बरी आहे ना तुमची? आणखी काय पाहिजे? त्या दिवशी पहिल्यांदा मला अहो म्हणाले. मी हललो नाही. बाहेर रांग खोळंबली होती, शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी तसाच संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो.

पोरीनं काठीनं माझ्या पायाला ढोसलं.

"बाबा, चला. माही वेळ झाली."

तिची वेळ म्हणजे नळीची वेळ. त्यापुढे माझी ओळ काय आणि साहेब काय. मी कागद उचलला आणि तिच्यामागे निघालो. ती डबा घेऊन बायकांच्या मोरीत गेली, हात धुतल्याचा आवाज आला, आणि मी दाराबाहेर कागद धरून उभा राहिलो.

तिसरा खडा झाला नाही. पोरगी मॅट्रिक झाली, पुढे एका कचेरीत टायपिंगला लागली. तिच्या टेबलाच्या खणात झाकणाचा डबा असतो आणि टेबलावर पाण्याची सुरई, आणि कुणी विचारलं तर ती लपवत नाही. मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, त्या ओळीचं मला काहीतरी करायचं आहे. ती म्हणाली, "बाबा, अजून?" हो, अजून.

कागद मी दवाखान्याला परत केला नाही. ती इंग्रजी ओळ आहे तशीच आहे. तिच्याखाली जागा होती, तिथं मी पेन्सिलीनं, माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं आहे: धागा बापाने बांधला. तो मोठ्या डॉक्टरांनी हातात घेऊन पाहिला होता.